भेरूलालचा राजीनामा

मध्यभारत सरकार झालं आणि आमचं दफ्तर ग्वाल्हेरला निघालं. मी म्हटलं, इंदूर सोडणार नाही. होळकरी अंमलात बारा वर्षं खर्डेघाशी केलेली, अक्षर मोत्यासारखं. नोकरी सोडली आणि राजवाड्यासमोर लोकांचे अर्ज लिहून द्यायला बैठक मांडली. गिऱ्हाइकं रांग लावतील असं वाटलं होतं. अकरा दिवस कुत्रं फिरकलं नाही.

"ओळखीपाळखीत सांगा तरी," माझी बायको पद्मजा म्हणायची. पण लोकांच्या दारात जाऊन काम मागायचं? दरबारी माणूस ना मी! फुकटचा ताठा, दुसरं काय.

बाराव्या दिवशी भेरूलाल आला. गौतमपुऱ्याचा, इथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार. "बाबूजी, सेठजी से बोलाचाली हुई गी. एक राजीनामो लिखी दो."

पहिलं गिऱ्हाईक! तो पुढे काही सांगू लागला, तर "समझ गया भिया, समझ गया" म्हणून मीच त्याला गप्प केलं. आणि लिहिलं, काय लिहिलं! 'सेवा से मुक्त होने की अनुमति' वगैरे. वाचूनही दाखवलं. त्या भारदस्त हिंदीतलं त्याला काय कळणार? मान डोलवत त्याने अंगठा उठवला.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. मागे आणखी एक माणूस होता.

"सेठजी मान्या नी, बाबूजी. कागद वाँच्यो ने बोल्या, ठीक है, जा. म्हारे तो सुलह करनी थी. नौकरी गी."

आम्हा मराठी माणसांचा राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. त्याच्याकडे राजीनामा म्हणजे भांडण मिटवून राजी होणं. बिचाऱ्याला नोकरी टिकवायची होती आणि मी ती घालवली होती.

तेव्हाच उठून जिनिंगमध्ये जायला हवं होतं. चूक माझी, याला ठेवून घ्या, एवढंच सांगायचं होतं. दहा मिनिटांचा रस्ता. पण मग माझ्याकडे कोण आलं असतं? मी म्हणालो, "सेठ लोग ऐसे ही होते हैं, भिया."

"आप तो घणो अच्छो लिख्यो," भेरूलाल म्हणाला आणि मागच्या माणसाला पुढे केलं. "यो म्हारो सालो. इको बी कागद लिखी दो."

त्या आठवड्यात गौतमपुऱ्याची सात माणसं आली. सगळ्यांनी भेरूलालचंच नाव सांगितलं. माझा धंदा त्याच्या शब्दावर उभा राहिला, आणि त्याला मी खरं कधीच सांगितलं नाही.