दोनदा बोलणाऱ्याचा हेडफोन

मित्रांनो, डाव्या कानाला काळी चिकटपट्टी लावलेला जुना हेडफोन म्हणजे मी. मला हसू नका बरं का! हसण्याची मी फार धास्ती घेतली आहे. का, ते सांगतो.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो जन्मतात, त्याचं काही कौतुक नाही. मालविकाने मला काशीतल्या गोदौलिया बाजारातल्या एका दुकानातून आणलं आणि थोरल्या भावाच्या, देवव्रतच्या डोक्यावर चढवलं, तो माझा खरा वाढदिवस. ब्रह्मा घाटाजवळच्या त्यांच्या घरात वडील, विश्वेश्वर गुरुजी, मुलांना वेद शिकवतात. देवव्रतही सकाळी शिकवतो. दुपारी पाठशाळा विसावली की तो मोबाइलवर लढाईचा खेळ खेळतो. हात असा चालतो त्याचा, की बघत राहावं!

तेव्हा तो एका गटात होता. बावीस खेळाडू, एक कप्तान, आणि खेळताना सगळ्यांनी माइक चालू ठेवायचा असा नियम. माझा माइक दिमाखात त्याच्या ओठांशी असायचा. कप्तान म्हणायचा, "गुरू, तेरी आवाज एकदम साफ है!" मी फुलून जायचो.

मग ते घडलं. वेदाची संथा देताना गुरुजी एकदा म्हणतात, शिष्याने तेच दोनदा म्हणायचं. देवव्रत आठव्या वर्षापासून असाच शिकला. अटीतटीच्या सामन्यात कप्तान ओरडला, "बाएँ से घुसो!" आणि हा तल्लीन होऊन म्हणाला, "बाएँ से घुसो, बाएँ से घुसो." पुढचा प्रत्येक हुकूम दोनदा! त्यातच मागच्या ओसरीत गुरुजी एका मागे पडलेल्या मुलाची संथा घेत होते, तीही मी इमानेइतबारे पोचवली. माझं कामच ते. कुणीतरी त्याची क्लिप केली, वर पोपटाचं चित्र लावलं आणि गटात टाकली. सगळे खदाखदा हसले.

"मला पोपट म्हणू देत," देवव्रत मालविकाला म्हणाला, "पण बाबांच्या आवाजावर हसले गं ते."

त्याने गट सोडला आणि माझा माइक वर दुमडून ठेवला. त्यानंतर दोन वर्षं मी नुसता ऐकतो आहे.

आमंत्रणं येतच राहिली. पडद्यावर 'गटात ये' उमटलं की त्याच्या कानशिलावरची शीर माझ्या गादीखाली ताडताड उडायची आणि माझाही जीव टांगणीला लागायचा.

"अरे दादा, सगळेच तसले नसतात," मालविका समजवायची.

"माहितेय. पण कोण कसला, ते आत शिरल्यावरच कळतं ना? मग रोज ठरल्या वेळेला हजेरी, नाही गेलं की जाब. नको बाबा, मी एकटाच बरा."

लोक त्याला शिष्ट समजतात, मित्रांनो. शिष्ट कसला हो, घाबरलाय तो.

परवा दुपारी जुन्या गटातल्या कुशलचा निरोप आला. "उस दिन मैं भी हँसा था. गलत किया. वो ग्रुप मैंने भी छोड़ दिया. खेलोगे? बस हम दोनों." देवव्रतने तो चारदा वाचला. त्याचा घाम माझ्या गादीत उतरला. अखेर त्याने खेळ उघडला, माइक खाली ओढला, घसा खाकरला आणि म्हणाला, "हाँ कुशल, बोलो."

तो आवाज पुढे न्यायला मी जिवाचं रान केलं. पण दुमडल्या जागी माझी तार कधीच तुटली होती. पलीकडे काही पोचलंच नाही.

"हैलो? सुन रहे हो?" कुशल विचारत होता. मग हळूच म्हणाला, "नाराज हो न? ठीक है, समझता हूँ."

अरे, थांब रे! बोलतोय तो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवव्रतची बोटं काचेवर धावली. चुकतमाकत त्याने लिहिलं, "जाओ मत. माइक टूटा है."

मग कुशल म्हणाला, "बैठा हूँ भाई. तुम लिखो, मैं पढ़ता हूँ."

उद्या मालविका मला दुरुस्तीला नेणार आहे. तार जुळेल की नाही, याची मला धाकधूक आहे. मित्रांनो, तुमच्या गटात कुणी निराळ्या रीतीने बोललं, तर हसण्याआधी जरा थांबा. आणि हसून झालंच असेल, तर जाऊन त्याला 'चुकलं' म्हणून सांगा. तो अजून वाट बघत असतो.