आधी समोरच्याची बाजू

वेल्डरचा जबडा मोडला तो शनिवारी दुपारी साडेचारला, काचेच्या दुकानात, आणि मोडणारा काचवाल्यांचा सख्खा जावई होता. हे चाळीस माणसांनी पाहिलं. पण काचवाल्यांना विचाराल तर ते सांगतील, जबडा मी मोडला. उगाच मोठेपणा मिरवायची त्यांना सवय नव्हती. तेव्हा ते असं का म्हणत होते, ते नीटच सांगायला हवं.

काचवाले म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर तीन पिढ्या खिडक्यांना काचा बसवणारं घर. आताच्या काचवाल्यांचं वय चौसष्ट, पाठ ताठ आणि मतं त्याहून ताठ. काहीही पाडण्याआधी ते कोणी आणि कशासाठी बांधलं हे विचारा, हे त्यांचं पहिलं मत. घर आधी, आणि सरकारने लोकांच्या घरात नाक खुपसू नये, हे दुसरं. कायदा सगळ्यांना सारखा, आणि संप म्हणजे दुसऱ्याच्या दाराला घातलेलं कुलूप, हे तिसरं. पक्षाच्या कचेरीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. बाजारातला जुना दगडी हौद पाडू नये म्हणून त्यांनी एकट्याने नगरपालिकेला नऊ वर्षं पत्रं लिहिली. हौद अजून उभा आहे. त्यात पाणी नाही, ही गोष्ट वेगळी.

दुकानाच्या वर एक खोली होती. एक टेबल, बारा खुर्च्या. दर शनिवारी चारला तिथे राजकारणावर वाद रंगायचा. काचवाल्यांच्या वडिलांच्या काळी तिथे एका गृहस्थाने दुसऱ्याच्या डोक्यात खुर्ची घातली होती. ज्याच्या डोक्यात घातली तो महिनाभर अंथरुणावर होता. तेव्हा वडिलांनी नियम केला. आपलं बोलण्याआधी समोरच्याची बाजू मांडायची. तीही चेष्टेने नाही, वाकडी करून नाही, त्याने स्वतः मांडली असती त्याहून बरी. समोरचा ‘बरोबर’ म्हणाला, की एक श्वास घ्यायचा आणि मग आपली बाजू. तो ‘बरोबर’ म्हणत नाही तोवर पुन्हा पहिल्यापासून. नियम झाल्यापासून त्या खोलीत एकाही खुर्चीने आपली जागा सोडली नव्हती.

वेल्डर गेली सहा वर्षं न चुकता यायचा. कारखान्यातल्या युनियनचा पुढारी, पस्तिशीचा, हातांवर ठिणग्यांचे डाग. त्याला काचवाल्यांचं एक मत पटायचं नाही आणि काचवाल्यांना त्याचं अर्धं. एकदा संपाची बाजू त्याने काचवाल्यांकडून पाच वेळा म्हणून घेतली होती. पाचव्यांदा ‘बरोबर’ म्हणाला. त्या दिवशी काचवाल्यांना जेवण गेलं नाही, कारण पाचव्यांदा मांडताना ती बाजू त्यांना क्षणभर खरी वाटली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोटी वाटली, तेव्हा कुठे बरं वाटलं. त्यांचा जावई मात्र कधी वर फिरकला नाही. शत्रूची वकिली कशाला करायची, असं त्याचं म्हणणं. मुलगी लहानपणी त्या टेबलाखाली बसून सगळं ऐकत मोठी झाली होती.

आता गुरुवारची गोष्ट. कारखान्यात संप होता. फाटकावर वेल्डरचं भाषण झालं आणि भाषण संपतं न संपतं तोच कामावर जाणाऱ्यांच्या बसवर दगड पडायला लागले. एक दगड खिडकी फोडून आत गेला आणि जावयाच्या धाकट्या भावाच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. तेवीस वर्षांचं पोर. वेल्डरने दगड मारला नव्हता, उलट मारणाऱ्या दोघांची बखोटी धरली होती. पण भाषण त्याचंच होतं.

शनिवारी चारला बाकी कोणी आलं नाही. वेल्डर आला.

“आज यायला नको होतंस,” काचवाले म्हणाले.

“शनिवार आहे ना, काका?”

“त्या पोराचा डोळा गेला.”

“माहीत आहे. काल गेलो होतो इस्पितळात. त्याच्या आईने चप्पल मारली. खाल्ली.” तो आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला. “आज तुमची बाजू मी मांडतो. आज मला ती मांडायलाच हवी.”

तेवढ्यात खाली पहिला दगड आला. दर्शनी काच, आठ फूट उंच, धाडकन खाली बसली. मग दुसरा दगड, मग आरडाओरडा. काचवाल्यांनी खिडकीतून पाहिलं. चाळीसएक माणसं, हातात सळया, सायकलच्या साखळ्या, काठ्या. सगळी आपल्याच पक्षाची, रोज नमस्कार घालणारी. आणि सगळ्यांच्या पुढे जावई.

वेल्डर उठला. खोलीच्या मागच्या बाजूला गल्लीत उतरणारं दार होतं. तो निघालाही होता.

“बस,” काचवाले म्हणाले. “आपलीच माणसं आहेत. मी बोलतो.”

तो बसला. काचवाल्यांनी सांगितलं म्हणून बसला. हे काचवाल्यांना पुढे कधी विसरता आलं नाही.

ते खाली उतरून उंबऱ्यात उभे राहिले. चपलेखाली काच करकरत होती. जावयाचे डोळे सुजले होते, दोन दिवस झोपला नसावा.

“मामा, बाजूला व्हा. तो वर आहे.”

“आहे. आधी माझं ऐका, जावईबापू.”

गर्दी थांबली. म्हाताऱ्याचा मान होता तेवढा. आणि काचवाल्यांनी तीस वर्षांच्या सवयीने तोंड उघडलं आणि आधी समोरच्याची बाजू मांडायला घेतली.

“एका पोराचा डोळा गेला,” ते म्हणाले. “ते कोणाच्या अध्यात नव्हतं, मध्यात नव्हतं. कामावर निघालं होतं. दोन दिवस झाले, पोलिसांनी एकालाही हात लावला नाही. ज्याने हाताने दगड मारला तो एक गुन्हेगार. आणि ज्याने भाषण करून डोकी तापवली, तो? त्याचे हात स्वच्छ आहेत म्हणून त्याला सोडायचं? आज डोळा गेला, उद्या जीव जाईल. कायदा झोपलेला असेल तर आम्ही किती दिवस हातावर हात ठेवून बसायचं? असा माणूस या गावात राहता कामा नये. हेच ना?”

“बरोबर!” जावई ओरडला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “बरोबर!” मागचे चाळीस गळे.

खरं सांगायचं तर त्या क्षणी काचवाल्यांना बरं वाटलं. बाजू इतकी फक्कड मांडली गेली होती. त्यातलं मांडणं किती आणि मनातलं किती, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही सांगता आलं नाही. सवयीप्रमाणे त्यांनी श्वास घेतला.

पण नियम वरच्या खोलीचा होता. खाली रस्त्यावर तो कोणाच्या बापाला ठाऊक होता?

“काका आपल्याच बाजूचे आहेत!” मागून कोणीतरी ओरडलं आणि गर्दी आत घुसली. “थांबा, माझं अजून...” एवढंच काचवाले म्हणू शकले. खांद्याचा धक्का बसला आणि ते काचा उभ्या करून ठेवायच्या घडवंचीवर आदळले. वर खुर्च्या पडल्या. एक, दोन, मग टेबल. वेल्डरने एकाचं नाक फोडलं असावं, कारण एक जण नाक धरून बोंबलत खाली आला. मग वेल्डरला खाली आणलं, दोन्ही पाय धरून, पालथा. जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. हनुवटी प्रत्येक पायरीवर आपटली.

त्याला फुटलेल्या काचेवर टाकलं आणि मग जे सुरू झालं त्याला मारामारी म्हणत नाहीत. मारामारीत दोन बाजू असतात. सळई पाठीत, बूट बरगड्यांत, साखळी कानावर. तो हातांनी डोकं झाकत होता, तर एकाने टाचेखाली बोटं चिरडली. काचेवर लोळून लोळून त्याचा सदरा लाल झाला. जावयाने दुकानातल्या काच कापायच्या टेबलावरून मापाची सागवानी पट्टी उचलली, चार फुटांची, काचवाल्यांच्या आजोबांच्या हातची. त्याने ती दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि वेल्डरच्या तोंडावर घातली. आवाज लाकडाचा नव्हता. दुसऱ्यांदा घातली तेव्हा जबडा एका बाजूला सरकलेला दिसला.

काचवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभा जन्म ज्याने हातमोजे घातल्याशिवाय काचेला हात लावला नाही, त्या माणसाने हाताएवढी लांब काच उघड्या मुठीत धरली, मागून जावयाचे केस पकडले आणि काचेचं टोक त्याच्या गळ्यावर टेकवलं.

“आणखी एक घातलात,” ते म्हणाले, “तर माझी पोरगी विधवा होईल.”

कोणी हललं नाही. काचवाल्यांच्या मुठीतून रक्त कोपरापर्यंत आलं आणि जावयाच्या कॉलरवर ठिबकायला लागलं. जावयाला वाटलं ते आपलंच आहे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, हातातून पट्टी गळाली. टोक कातडीत थोडं शिरलंही होतं. आणखी शिरलं असतं. काचवाल्यांचा हात थांबला तो दयेने नाही, बोटांच्या शिरा तुटून मूठ आपोआप उघडली म्हणून. हेही त्यांनी नंतर कोणापासून लपवलं नाही.

माणसं आली तशी पांगली.

फौजदार संध्याकाळी आला. वही उघडून म्हणाला, “गोंधळात तुम्हाला चेहरे दिसले नसतील, काका. होतं असं.” पक्षाच्या कचेरीतून त्याला फोन आला असणार. मुलगी दारात उभी होती, बापाकडे बघत.

“दिसले,” काचवाले म्हणाले. “पहिलं नाव माझं लिहा. मी त्याला पळू दिलं नाही आणि मीच त्यांना पेटवलं. दुसरं नाव माझ्या जावयाचं.”

मुलगी वळून निघून गेली. जावयाला त्याच दिवशी आत टाकलं. काचवाल्यांचं नाव फौजदाराने लिहिलंच नाही, कारण बाजू मांडणं या गुन्ह्याला कलम नव्हतं.

बुधवारी काचवाले इस्पितळात गेले, हाताला मनगटापर्यंत पट्ट्या. वेल्डरचा जबडा तारांनी बांधला होता. दोन महिने बोलणं बंद. ते पलंगाशेजारी बसले आणि पहिली दहा मिनिटं नुसतं रडले.

“तुझा संप चूकच होता,” मग ते म्हणाले. “अजूनही म्हणतो.”

वेल्डरने सुजलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, डाव्या हाताने कागद ओढला आणि वेडंवाकडं लिहिलं: वरून ऐकलं. पहिली बाजू झकास. दुसरी राहिली.

“म्हणू दिली नाही रे कोणी.”

त्याने पुन्हा लिहिलं: शनिवारी.

शनिवारी खोली खचाखच भरली. पक्षाचे होते, युनियनचे होते, जिन्यावरही माणसं होती. मोडलेल्या खुर्च्या दोरीने बांधल्या होत्या. दोन्हीकडचे एकमेकांकडे असे बघत होते, की कोणी शिंकलं असतं तरी पुन्हा सळया निघाल्या असत्या. वेल्डरची खुर्ची रिकामी होती. काचवाले उठून बोलणार, तेवढ्यात जिन्यावरची माणसं बाजूला झाली आणि मुलगी वर आली. आठवडाभर तिने बापाशी एक शब्द काढला नव्हता. ती सरळ गेली आणि वेल्डरच्या खुर्चीत बसली.

“आज इथे मी,” ती म्हणाली. “माझी बाजू मांडा, बाबा.”

काचवाले वेगळीच बाजू मांडायला उठले होते. पण नियम होता.

“तू म्हणतेस,” ते म्हणाले, “बापाने माझा संसार मोडला.”

“नाही. पुन्हा.”

“तू म्हणतेस, माझा नवरा चुकला, पण त्याच्या भावाचा डोळा गेला होता. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं. तो दारात आला, तेव्हा त्याला आवरणारं एकच माणूस होतं. त्या माणसाने त्याच्या दुःखाला असे शब्द दिले की ते ऐकून तो पेटला. आणि मग त्याच माणसाने त्याच्या गळ्याला काच लावली. आणि मग त्याच माणसाने त्याचं नाव पोलिसांना दिलं. तू म्हणतेस, दोन लेकरं घरी बाप कुठे म्हणून विचारतात, त्यांना मी काय सांगू? आजोबा खरं बोलले म्हणून तुमचा बाप आत आहे, असं सांगू? घर आधी, घर आधी, असं जन्मभर सांगणाऱ्या माणसाने घराचाच पहिला बळी दिला. तू म्हणतेस, कायदा तुम्हाला माझ्याहून जवळचा झाला.”

मुलीचा चेहरा ओलाचिंब झाला होता.

“बरोबर,” ती म्हणाली.

काचवाल्यांनी श्वास घेतला. घेताना त्यांचे डोळे आपोआप जिन्याकडे गेले. गेल्या शनिवारी याच श्वासात सगळं होऊन गेलं होतं.

कोणी हललं नाही. मुलीने पदराने तोंड पुसलं, खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“बोला,” ती म्हणाली. “आता तुमची. मी उठत नाही.”