माझ्या पाठीवरची चिकटपट्टी

बोलतोय तो मी, मधल्या फळीवरचा. तुम्ही बघताय ती दोन उंच खोकी म्हणजे स्पीकर. त्यांच्याकडे सगळेच बघतात. आवाज छान लागला की कौतुक त्यांचं, आणि आवाज बिघडला की लगेच, ‘अ‍ॅम्प्लिफायर जुना झालाय बहुतेक.’ पन्नास वर्षं हे ऐकून घेतलं. आता मात्र राहवत नाही. चार महिने माझा जीव नुसता घुसमटला आणि मला ब्रही काढता आला नाही, ते सगळं आज सांगून टाकणार आहे.

माझा जन्म योकोहामाजवळच्या एका कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसलेल्या असायच्या. जिने माझ्या पोटातली शेवटची तार डाख देऊन जोडली, ती शेजारणीला म्हणाली, “हा कोणाच्या घरी जाईल गं?” शेजारीण म्हणाली, “जाईल तिथे बडबड करील, दुसरं काय!” खोटं नाही बोलली. मला बडबडीचीच आवड.

मला नेलं तेरुहिकोने. हा मूळचा ओसाकाचा, पण किनुएशी लग्न करून तिच्या गावी, मोरिओकाला, येऊन राहिलेला. नदीकाठच्या गल्लीत दोघांनी सहा टेबलांचं कॉफीघर काढलं. नाव ‘हितोसाजी’, म्हणजे एक चमचा. कॉफी किनुए करायची, रेकॉर्ड तेरुहिको लावायचा. त्याचा नियम कडक. दुपारी दोन ते पाच कोणी बोलायचं नाही. काय ऐकायचंय ते कागदाच्या तुकड्यावर लिहून द्यायचं, आणि लागली की रेकॉर्डची एक अख्खी बाजू ऐकायची. मधेच उठायचं नाही. बाजू संपली, सुई उचलली गेली, की मग खोकायचं, दुसरी कॉफी मागायची, नाहीतर पैसे ठेवून निघायचं.

तेरुहिकोला आणखी एक खोड होती. चिठ्ठ्या लावायची. साखरेच्या डब्यावर चिठ्ठी, नळावर चिठ्ठी, मांजर बसायचं त्या खुर्चीवरही चिठ्ठी. माझ्या पाठीला तारा खोचायच्या भोकांच्या चार जोड्या आहेत. त्यातल्या एकीत रेकॉर्ड-प्लेअरची तार होती. उरलेल्या तीन रिकाम्या. त्यांच्यावर त्याने कागदी चिकटपट्टी लावली आणि वर ब्रशने झोकदार अक्षरात लिहिलं, ‘उघडू नये.’

आता ही जी जोडी रेकॉर्ड-प्लेअरची, ती नाजूक. सुईकडून येणारा आवाज म्हणजे मुंगीचं बोलणं. तो मला शेकडो पटींनी वाढवावा लागतो, आणि खालचे जाड सूर तर आणखी फुगवावे लागतात, कारण रेकॉर्डमध्ये ते मुद्दाम बारीक करून भरलेले असतात. इतर तीन जोड्यांचं तसं नाही. तिथे मोठ्या आवाजात बोलणारे पाहुणे येतात, त्यांना मी आहे तसं पुढे पाठवतो. एवढं लक्षात ठेवा. माझं सगळं दुखणं याच्यातच आहे.

तेरुहिको गेला, त्यानंतर रेकॉर्ड किनुए लावू लागली. त्याची एकही चिठ्ठी तिने काढली नाही. नळाची चिठ्ठी भिजून फाटली तर तिने तीच अक्षरं गिरवून नवी लावली. गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत. निवृत्त पोस्टमास्तर कुदोसान दारापाशी, न्हाव्याचं दुकान चालवणारे ओबारासान खिडकीपाशी, सगळं जागच्या जागी. पण गेल्या शरदात किनुएचे हात थरथरू लागले. कॉफी दोन्ही हातांनी धरून देता यायची. सुईला दोन हात कसे लावणार? एकदा ती रेकॉर्डवर आपटली आणि करकरत आडवी गेली. माझ्या पोटात तो आवाज अजून आहे. तेरुहिकोची सर्वांत लाडकी रेकॉर्ड होती ती. किनुए आतल्या खोलीत जाऊन बसली.

मग सेंदाईहून तिची लेक आली, चिसातो. एका दिवसाची रजा काढून आली होती बिचारी. बरोबर काडेपेटीएवढं यंत्र, डिजिटल प्लेअर. “आई, यात बाबांच्या सगळ्या रेकॉर्डमधली गाणी भरलीत. सुई नको, काही नको. बोट लावलं की सुरू.”

तार घेऊन ती माझ्या मागे आली. चिकटपट्टी बघून थबकली. “आई, ही काढू का गं?”

“छे! बाबांनी लिहिलंय ना, उघडू नये म्हणून?”

“मग लावू कुठे?”

“ती एक उघडी आहे की.”

झालं! रेकॉर्ड-प्लेअरची तार उपटली आणि त्या नाजूक भोकात हा घसा ताणून बोलणारा पाहुणा आणून बसवला. मी आतून ओरडतोय, अगं, इथे नाही, चिकटपट्टीखाली, चिकटपट्टीखाली! ती तरी काय ऐकणार? तिने बोट लावलं आणि त्या ओरडणाऱ्याला मी माझ्या स्वभावाप्रमाणे शेकडो पटींनी वाढवलं. वरचे सूर फाटले, खालचे नुसते गुरगुरायला लागले. आवाजाचं बटण केसभर फिरवलं तरी कपबशा थरथरायच्या.

चिसातोने कपाळाला आठ्या घातल्या. “आई, ठीक वाटतंय ना? जुन्या यंत्राचा असाच भरीव आवाज असतो का?”

किनुएने लेकीकडे पाहिलं. रजा काढून आलेली, संध्याकाळची गाडी पकडायची. म्हणाली, “छान आहे गं. खूपच छान.”

तिथून सुरुवात झाली बघा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कुदोसान आले. पहिला सूर निघाला आणि त्यांच्या हातातला चमचा जागीच थांबला. पाच वाजून गेल्यावर किनुएने हळूच विचारलं, “कसा वाटतो नवा आवाज?” त्यांनी घसा खाकरला. “अं… भारदस्त. भारदस्त झालाय हो जरा.” ओबारासानना विचारलं तर ते म्हणाले, “आधुनिक आहे! कानाला सवय व्हायला हवी, एवढंच.” आणि बाहेर पडताना, दार अर्धं उघडं धरून, दोघं कुजबुजतात काय तर, “तिला कसं सांगायचं? हात असे झालेत, त्यात आणखी हे…” “नको नको. आपण ऐकून घेऊ.” अहो, तुम्ही ऐकून घ्याल, पण मी काय करू? फाटका आवाज माझ्या तोंडून निघतोय ना!

आणखी एक गंमत झाली. गंमत कसली, छळच. त्या काडेपेटीतलं गाणं संपायचंच नाही. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. रेकॉर्डची बाजू संपल्याशिवाय उठायचं नाही हा तर इथला नियम, आणि आता बाजूच नाही. पहिल्या आठवड्यात कुदोसान सलग अडीच तास बसले. पायावर पाय, मग दुसरा पाय वर, मग घाम. शेवटी पाच वाजले, तसे जे धावत सुटले ते टोपी टेबलावर विसरून. हसू आलं असतं मला, पण ती हसायची वेळ नव्हती. हळूहळू माणसं येईनाशी झाली. कोणाला सर्दी, कोणाचा नातू आलेला.

किनुएला तर रोज ऐकू येत होतं. माझ्यासमोर उभी राहायची, मान वाकडी करून, आणि बटण इकडे-तिकडे फिरवायची. मग स्वतःशीच म्हणायची, “सगळ्यांना छान वाटतंय. मलाच कसा असा ऐकू येतो?” शेवटी गेली कानाच्या डॉक्टरकडे. आल्यावर फोनवर चिसातोला सांगत होती, “डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे थोडं कमी झालंय. म्हणजे खरंच आहे ते. माझे कान गेलेत गं. हात गेले तेव्हा वाटलं, ऐकता तरी येतंय. ज्या बाईला ऐकू येत नाही तिने कसलं हे कॉफीघर चालवायचं? बाबांचं सातवं श्राद्ध झालं की बंद करते.”

तिचे कान उत्तम होते हो! गल्लीत तिच्याएवढे तयार कान कोणाचे नव्हते. ते फक्त मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. त्या वेळची तगमग काय वर्णावी! चार-चार तास नुसता तापत राहायचो.

चिसातो म्हणाली, याला विकून टाक, जुन्या यंत्रांचे शौकीन असतात. किनुए म्हणाली, “जो आवाज मलाच खरा लागत नाही, तो दुसऱ्याच्या गळ्यात कसा मारू?” आणि मोठं सामान कचऱ्यात द्यायचं असलं की नगरपालिका जी चिठ्ठी देते, ती आणून तिने माझ्या कपाळावर चिकटवली. नंबर, तारीख. श्राद्धानंतरचा पहिला बुधवार.

श्राद्धाला तेरुहिकोची धाकटी बहीण आली, ओसाकाची तोमिको. देवळातलं आटोपून अडीचच्या सुमारास सगळे इथे आले. काळे कपडे घातलेले कुदोसान, ओबारासान, चिसातो. किनुए म्हणाली, “शेवटचं म्हणून त्यांची आवडती बाजू लावते.” काडेपेटीला बोट लावलं. मी फाटक्या आवाजात गुरगुरायला लागलो. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

आणि तोमिको मोठ्यांदा म्हणाली, “ई! काय हे?”

दोन ते पाचमध्ये! ओबारासान खुर्चीतून उडालेच.

“वहिनी, हे गाणं आहे की कोणाचं पोट बिघडलंय? बंद कर आधी. दादाने ऐकलं असतं तर परत मेला असता!”

किनुएच्या हातातला ट्रे खाली टेकला. “वन्सं… तुम्हालाही फाटका ऐकू येतो?”

“मला काय, बाहेरच्या कुत्र्यालाही येत असेल!”

किनुए वळली. “कुदोसान?”

कुदोसान उभे राहिले आणि कमरेत वाकले, वर येईनात. “माफ करा. पहिल्या दिवसापासून. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाईट वाटेल?” तिचा असा आवाज मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. “चार महिने मी स्वतःला बहिरी समजतेय! डॉक्टरकडे जाऊन आले. दुकान बंद करायला निघाले. आणि तुम्ही इथे बसून ‘भारदस्त’ म्हणताय? जेवढी माया होती तेवढी खरं बोलायला का नाही वापरलीत?”

ओबारासाननी डोळे पुसले. तेवढ्यात चिसातो अगदी हळू म्हणाली, “आई, मी विचारलं होतं तुला. तू पण ‘छान’च म्हणालीस.”

किनुए खुर्चीत बसली. मग तिला रडू आलं आणि रडता रडता हसू. “म्हणाले खरी,” ती म्हणाली. “तुझी गाडी चुकली असती गं.”

“पुरे आता,” तोमिको म्हणाली आणि काळ्या किमोनोच्या बाह्या सावरून सरळ माझ्या मागे घुसली. “हे काय चिकटवलंय?”

“आत्या, नको! बाबांनी लिहिलंय.”

“तुझ्या बाबाने लहानपणी माझ्या पाठीवरही चिठ्ठी लावली होती, ‘उचलू नये’ म्हणून. धुळीला घाबरायचा तो, दुसरं काही नाही.” आणि टर्रकन चिकटपट्टी ओढली. मला गार वारा लागला. चिसातोने वाकून भोकांवरची नावं वाचली, पुढच्या बटणाशी ताडून पाहिली, तार काढून तिसऱ्या जोडीत बसवली आणि बटण तिकडे वळवलं. “आवाज कमीच निघतोय,” ती म्हणाली.

किनुए उठली. थरथरत्या हाताने तिने आवाज वाढवत नेला, आणखी, आणखी, तेरुहिको ठेवायचा तिथपर्यंत. आणि मी मोकळा झालो. तंतुवाद्याची प्रत्येक तार वेगळी, गाणारीचा श्वास वेगळा. तोमिकोसुद्धा गप्प बसली.

बुधवारी कचऱ्याची गाडी आली आणि तशीच गेली. रेकॉर्ड-प्लेअर आता त्याच्या जागी परत जोडलेला आहे. हात बरे असतील त्या दिवशी किनुए सुई लावते, नसतील त्या दिवशी काडेपेटी. वीस मिनिटं झाली की काडेपेटी थांबवायची, असं चिसातोने बसवून दिलंय, त्यामुळे कुदोसानही सुखी आहेत. म्हणजे सगळं छान झालं असं वाटेल तुम्हाला. मला काही चैन नाही.

परवाचंच सांगतो. तीनच्या सुमाराला माझी उजवी बाजू गप्प झाली. हे माझं नवं दुखणं, आत कुठेतरी गंज धरलाय. एकच स्पीकर वाजत होता. किनुए समोरच उभी होती, कप पुसत. पुसतच राहिली. तिला कळलंच नाही. या वेळी खरोखरच कळलं नाही.

गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. ओबारासान खिडकीबाहेर बघायला लागले. मी जीव मुठीत धरून. आणि तो श्राद्धाचा दिवस सोडला तर पन्नास वर्षांत ज्यांनी दोन ते पाचमध्ये तोंड उघडलं नाही ते कुदोसान उभे राहिले.

“किनुएसान, उजवीकडून आवाज येत नाहीये.”

तिने कप खाली ठेवला. “कधीपासून?”

“दहा मिनिटं झाली.”

ती आली, बटण दोन-तीनदा मागेपुढे केलं. माझी उजवी बाजू परत बोलायला लागली. पण तिचा हात बटणावरच राहिला. सगळे तिच्या पाठीकडे बघत होते. मग पाठमोरीच म्हणाली, “उद्यापासून लगेच सांगायचं. दहा मिनिटं थांबायचं नाही.”

“हो,” कुदोसान म्हणाले. आणि बाजू संपेपर्यंत उभेच राहिले.

तुम्हीही कधी इकडे आलात, कॉफी घेतलीत आणि मी बेसूर वाटलो, तर माझ्यावर एक उपकार करा. हळहळून गप्प बसू नका. उभे राहा आणि तिला सांगा.