क्रियापदाची वाटणी

कंपनी खुर्च्या बनवायची, पण बसून राहायच्या नव्हेत, चालायच्या. ज्यांचे गुडघे जन्माला पुरले नाहीत अशा लोकांच्या घरात जिन्याच्या कडेने रूळ टाकायचा, त्यावर ही खुर्ची बसवायची, आणि बटण दाबलं की माणूस बसल्या बसल्या वरच्या मजल्यावर. खुर्ची दिसायला देखणी होती, त्यामुळे भरपूर विकली जायची. बिघडायचीही भरपूर. जवळपासच्या गिऱ्हाइकांना "माणूस निघालाय" असं सांगून वेळ मारून नेता येत होती. पण साहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात ओळखी काढून समुद्रापलीकडे ढीगभर खुर्च्या विकल्या, आणि तिथले लोक फोन करून स्पॅनिशमध्ये रागवायला लागले.

साहेबांनी मग स्पॅनिश शिकवणाऱ्या एक बाई आणल्या. बाई म्हणाल्या, भाषा नीट यायला दोन-तीन वर्षं जातील. साहेब म्हणाले, "अख्खी भाषा घेऊन काय करायचंय? गिऱ्हाईक काय बोलणार ते आपल्याला माहीतच आहे. आपण काय बोलायचं तेवढं शिकवा." असं करता करता भाषा एका क्रियापदावर आली. रेपारार, म्हणजे दुरुस्त करणे. बाई म्हणाल्या, क्रियापद गुणी आहे, नियम सोडून कुठे जात नाही, पण त्याचे काळ पुष्कळ आहेत आणि प्रत्येक काळात सहा-सहा रूपं आहेत. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग एकेकाला एकेक काळ द्या. सगळ्यांनी सगळं पाठ करायला ही काय शाळा आहे?"

अशी क्रियापदाची वाटणी झाली. भाऊभाऊ वाडवडिलांची भांडी वाटून घेतात तशी, आणि तितक्याच कुरबुरीने. वर्तमानकाळ आला एका तरतरीत पोराकडे. "रेपारामोस", आम्ही दुरुस्त करतो आहोत, एवढं म्हणून तो फोन बाजूला ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला पेटीचं संगीत ऐकू द्यायचा. संकेतार्थ कंपनीच्या वकिलाकडे गेला. "रेपारारिआमोस", आम्ही दुरुस्त केलं असतं, हे वाक्य वकिलाला इतकं आवडलं की तो घरीही तेच म्हणू लागला, असं त्याची बायको सांगायची. भूतकाळ मिळाला साहेबांच्या मेहुण्याला. त्याचं रूपही "रेपारामोस"च होतं, अर्थ तेवढा वेगळा. "आम्ही दुरुस्त केलं" असं सांगण्याची पाळी कंपनीवर कधीच येत नसल्यामुळे ते टेबल सर्वांत निवांत होतं. त्याला खिडकी होती, गादीची खुर्ची होती, आणि त्याच्या कधीही न वाजलेल्या फोनवर मेहुणा आपली छत्री अडकवून ठेवायचा. सगळे त्याला भूतकाका म्हणत.

राहिला भविष्यकाळ. पहिला फोन तिथेच यायचा, म्हणून ते टेबल दाराशी होतं, आणि तिथे बसणाऱ्या बाईला सगळे भविष्यबाई म्हणत. कॉलनीत हे नाव पोचल्यावर दोन शेजारणी तिला मुलींच्या लग्नाचं विचारायला येऊन गेल्या होत्या.

भविष्यबाईचं काम म्हणाल तर सोपं होतं. फोन उचलायचा, समोरच्याचं संपेपर्यंत ऐकायचं आणि म्हणायचं, "रेपारारेमोस." आम्ही दुरुस्त करू. शब्द लांबलचक होता, पहिला आठवडाभर तिची जीभ त्यात दोनदा अडखळायची. मग ती सहाही रूपं तिने चोख पाठ केली, मी करीन पासून ते करतील पर्यंत, पण कामाला लागायचं फक्त "आम्ही." ज्याचं तेवढ्याने भागत नसे त्याला ती वर्तमानकाळात सोडायची, तिथून तो वकिलाकडे जायचा, आणि वकिलाकडून सहसा कुणी परत येत नसे. एकाने दुसऱ्याच्या काळात शिरायचं नाही असा कडक नियम होता. सगळे फोन टेप व्हायचे आणि तपासणीवाली ते ऐकून कुणाची जीभ कुठे घसरली ते टिपायची. मोबाईल सकाळीच दाराशी कपाटात ठेवून घेत.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण तो म्हातारा फोन करायचा.

पहिल्यांदा त्याचा फोन आला तेव्हा शिकवणाऱ्या बाई अजून होत्या. त्यांनी ऐकून सांगितलं होतं की हा माणूस खालच्या मजल्यावर आहे, बायको वरच्या. खुर्ची जिन्याच्या वळणावर मधोमध अडकलीय, रिकामीच, पण जिना एवढा अरुंद की तिच्या बाजूने मांजर जाईल, माणूस नाही. शेजारी शिडी लावून खिडकीतून म्हातारीला जेवण देतात. मग बाईंचा करार संपला आणि त्या गेल्या. म्हातारा मात्र रोज फोन करत राहिला. तो कधी ओरडायचा नाही. हळू आवाजात काहीतरी बोलायचा, मध्येच वरून, लांबून बाईमाणसाची हाक ऐकू यायची, तो फोनवर हात ठेवून तिला मोठ्याने उत्तर द्यायचा, आणि पुन्हा हळू आवाजात वाट बघायचा. भविष्यबाई म्हणायची, "रेपारारेमोस." तो म्हणायचा, "ग्रासिआस." म्हणजे आभारी आहे. इतर गिऱ्हाइकांच्या शिव्या तिला कळत नसत म्हणून लागत नसत, पण हे आभार तिला कळायचे. तिला स्वतःची लाज वाटायची, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की शिडीवरून जेवण चढवणारा तो शेजारी आठवायचा.

"अहो, ह्या आजोबांचं काहीतरी करा ना," ती एकदा साहेबांना म्हणाली.

"करू," साहेब म्हणाले. "बघा, आपल्याकडे आधी भाषा आली, मग दुरुस्ती. क्रमाने घेऊ."

घरीही तिला भविष्यकाळच भेटायचा. न्हाणीघरातला नळ गळत होता, आणि नवरा म्हणत होता, "रविवारी करतो." थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, इथे बादल्या साचत होत्या. रविवार आले नि गेले. शेवटी एका संध्याकाळी सासूबाईंनी स्टूल ओढून न्हाणीघरात मांडलं.

"सूनबाई, तो पाना आण."

"आई, तुमची बोटं दुखतात. ते करणार आहेत ना."

"त्याचा रविवार कॅलेंडरात नाही गं. तू आधी वरची टाकी बंद कर, मी सांगते तसं."

सासूबाईंची बोटं सांध्यांत सुजलेली होती. पाना दोनदा हातातून निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो धरला, फिरवला, आतला कुजका वायसर काढून नवा बसवला आणि नळ पुन्हा आवळला. टाकी उघडली तरी थेंब पडला नाही. एवढ्यात नवरा दारात आला.

"अरे, मी करणारच होतो की."

"म्हणून तर घाई केली," सासूबाई म्हणाल्या.

भविष्यबाई त्या रात्री हसली, आणि सकाळी कामावर पोचली ती थेट तळघरात गेली. तिथे मिस्त्रीकाका असत. कंपनीच्या पहिल्या दिवसापासूनचे, पण बाहेरगावी माणूस पाठवणं बंद झाल्यापासून त्यांना काम उरलं नव्हतं. कुणी विचारलं की ते म्हणत, "पूर्वी आम्ही जाऊन दुरुस्त करत असू." हाही एक वेगळा काळच होता, पण तो कुणाला वाटून दिलेला नव्हता.

"काका, वळणावर अडकलेली खुर्ची म्हाताऱ्या माणसाला सोडवता येईल का?"

"त्यात सोडवायचंय काय? सीटखाली लाल दांडा असतो. खाली ओढला की खुर्ची मोकळी. हाताने रेटली की सावकाश घसरत तळाला येते, दांडा वर केला की पुन्हा बटणावर चालते."

"मग हे आपण गिऱ्हाइकांना सांगत का नाही?"

"माहितीपत्रकात छापलं होतं की. साहेबांनीच काढायला लावलं. दांडा कळला तर दुरुस्तीचा करार कोण करणार?"

"आणि ते आजोबा दांड्यापर्यंत चढताना पडले तर?"

मिस्त्रीकाकांनी हातातलं फडकं घडी घालून बाजूला ठेवलं. "बसून बसून, पायरी पायरीने चढले तर नाही पडायचे. पण ते मी इथून कसं सांगू, पोरी?"

तिला ती काळजी दिवसभर पोखरत होती. इकडे आड, तिकडे विहीर. सांगितलं आणि म्हातारा पडला तर पाप आपलं, नाही सांगितलं तर दोघं आहेत तशीच हाका मारत म्हातारपण काढणार. घरी गेल्यावर मुलीच्या मोबाईलवर तिने हवे ते शब्द काढून घेतले आणि पोळपाटापाशी उभी राहून ते घोकले. सासूबाईंना वाटलं, सून काहीतरी पुटपुटते आहे ते आपल्यालाच.

दुसऱ्या दिवशी फोन आला. तोच हळू आवाज, वरून तीच लांबची हाक. ती म्हणाली, "आसिएंतो." म्हणजे बसायची जागा. मग म्हणाली, "देबाखो." खाली. "पालांका. रोखा." दांडा. लाल.

"पालांका?" म्हातारा म्हणाला.

"सी," ती म्हणाली.

"रोखा?"

"सी." मग पायरी पायरीने बसून चढा, हे सांगायला तिच्याकडे शब्दच नव्हते. तिच्याकडे होतं ते एकच क्रियापद आणि त्याचा एकच काळ. आजवर पाठ होतं पण कधी वापरलं नव्हतं ते रूप तिने काढलं आणि म्हणाली, "उस्तेद रेपारारा." तुम्ही दुरुस्त कराल.

म्हाताऱ्याने आभार मानले नाहीत. फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर त्याचा फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. भविष्यबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिला डोळ्यांपुढे जिना दिसायचा, जिन्याखाली आडवा पडलेला माणूस दिसायचा आणि वरून हाका मारणारी बाई. घरी तिने मीठ दोनदा घातलं आणि कुणी काही बोललं नाही, यावरून तिचा चेहरा कसा झाला असेल ते समजावं.

त्यातच तपासणीवालीने टेप पकडली. साहेबांनी बोलावलं.

"तुम्ही नेमून दिलेल्यापेक्षा जास्त शब्द बोललात."

"साहेब, मी भविष्यकाळ सोडला नाही. बाकीची नुसती नावं होती. नावांना काळ कुठे असतो?"

साहेबांनी नियम वाचले, पान उलटून मागची बाजूही वाचली. नियमांत नावांबद्दल चकार शब्द नव्हता. "बघू," असं ते म्हणाले, आणि तेवढ्यात बाहेर कसलीतरी घंटा वाजू लागली.

आग लागली असं समजून वर्तमानकाळवाला पोरगा दाराकडे धावला. वकील कागद गोळा करू लागला. वाजत होता तो भूतकाळाचा फोन, दाराशी कुणी नव्हतं म्हणून तिथवर फिरत आलेला. भूतकाका जागा झाला, छत्री काढावी की फोन उचलावा हे त्याला ठरेना, शेवटी त्याने दोन्ही उचललं.

"रेपारामोस," तो पाठ केलेलं म्हणाला, मग ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा पडला. "हा माणूस माझंच क्रियापद मला ऐकवतोय," तो म्हणाला. "रेपारे, रेपारे म्हणतोय. आपण काय उत्तर द्यायचं?"

भविष्यबाईने त्याच्या हातून फोन घेतला. दुसऱ्याच्या टेबलावर, दुसऱ्याच्या काळात, साहेबांच्या देखत.

"रेपारे," तोच हळू आवाज म्हणाला. मी दुरुस्त केलं.

तो दम लागल्यासारखा बोलत होता, पण पडलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. आणि त्याच्या शेजारी, अगदी फोनला खेटून, एक बाई त्याच्यावर कुरकुरत होती. शब्द कळत नव्हते, पण कुरकुर कोणत्याही घरात ओळखू यावी अशीच होती. तिला आता ओरडावं लागत नव्हतं. म्हातारा तिला काहीतरी म्हणाला, मग दोघंही हसली, आणि भविष्यबाईचे डोळे भरून आले. तिने त्याचाच शब्द त्याला परत केला. "ग्रासिआस," ती म्हणाली.

समुद्रापलीकडची ही कंपनीची पहिली पूर्ण झालेली दुरुस्ती. साहेबांनी भूतकाकासोबत फोटो काढून तो जिन्यात लावला. दुसऱ्याचा फोन उचलल्याबद्दल भविष्यबाईला ताकीद मिळाली. मिस्त्रीकाकांना कुणी काही बोललं नाही, पण त्यांनी तिच्यासाठी दोन दिवस डब्यातून फोडणीची मिरची आणली.

ती अजून दाराशीच बसते. "रेपारे" सांगणाऱ्यांमुळे भूतकाळाचा फोन हल्ली दिवसभर वाजतो, भूतकाका मान मोडून काम करतो आणि मदतनीस मागतो. कुणी तक्रार घेऊन आलं की साहेब फोटोकडे बोट दाखवतात. तपासणीवाली रोज टेप ऐकते, भविष्यबाईचा काळ बरोबर आहे एवढं बघते आणि पुढे जाते. "आम्ही दुरुस्त करू" असं त्या टेबलावरून कधीचं कुणी म्हटलेलं नाही, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.