वाटी उठल्यावर

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची वाटी आहे, आणि गोड बोलायची माझी आता इच्छा उरलेली नाही. कारखान्यात पत्र्यावर दाब पडला आणि माझा जन्म झाला. अचलपूरच्या भांड्यांच्या दुकानातून कौशल्याबाईंनी मला घेतलं, काठाखाली आपलं नाव कोरून घेतलं आणि राजापेठेतल्या घरी आणलं. कित्येक वर्षं माझ्यात तुरीचं वरण वाढलं गेलं. "हे वाटी हाताले बरी लागते," असं त्या म्हणायच्या. तेवढ्या कौतुकावर मी खूश होते.

मग त्यांच्या मुलाने, नितेशने, मला स्वयंपाकघरातून पळवलं. दर रविवारी दुपारी रागिणी आणि किशोर हे त्याचे कॉलेजपासूनचे मित्र खेळायला यायचे. नितेश गोष्ट सांगायचा, ते दोघं त्या गोष्टीतले वीर व्हायचे. घाव लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. आकडा मोठा आला तर घाव लागला. प्रत्येक वीराला एका फेरीत एकदाच ढाल धरता यायची, स्वतःसाठी किंवा शेजाऱ्यासाठी. पण किशोर आधी आकडा बघायचा आणि मग म्हणायचा, मी ढाल धरलीच होती. दर वेळी भांडण. शेवटी रागिणीनेच नियम केला. फासा वाटीखाली झाकायचा, ढाल वाटी उचलायच्या आत सांगायची, आणि वाटी उठल्यावर कोणी काही बोलायचं नाही. विश्वास संपला तिथे माझी नोकरी लागली.

दिवाळीनंतर किशोरचा वीर मेला. रागिणीची ढाल शिल्लक होती, पण तिने ती स्वतःसाठी राखून ठेवली. तेव्हापासून किशोर तिच्याशी सरळ बोलेना. रिकामा बसतो म्हणून नितेशने शत्रूचा फासा त्याच्याच हाती दिला. माकडाच्या हाती कोलीत, दुसरं काय!

मग एका रविवारी, गोष्टीतल्या पुलावर रागिणीची वीर, जमना, एकटी लढत होती. तीन वर्षं तिने ही जमना जपली होती. आठवडाभर बँकेत साहेबाची बोलणी खाणारी ही मुलगी जमना झाली की कोणाचं ऐकून घेत नसे. आता एक घाव लागला तरी जमना मरणार होती, आणि ती मेली की रागिणीचा खेळही संपणार होता.

किशोरने फासा टाकला आणि मला त्यावर दाबलं. माझ्याखाली दोन पडले होते. म्हणजे घाव हुकला होता.

"लवकर सांग, ढाल धरतं का नाही?" किशोर म्हणाला.

"घाई काहून करून राहिला? ढाल मी पुढच्या घावासाठी ठेवली. उचल वाटी."

"ठेव. माह्या वेळी बी ठेवलीच होती तुनं."

त्याने माझा काठ आपल्या बाजूने जरासा उचलला. दोन दिसताच त्याची करंगळी आत आली आणि तिने फासा कलंडवला. मग त्याने मला पूर्ण उचललं.

"अठरा. मेली तुही जमना."

"बोट घातलं तुनं. मले दिसलं," रागिणी म्हणाली.

नितेश आपल्या कागदांत डोकं घालून बसला होता. त्याने काहीच पाहिलं नव्हतं. "वाटी उठल्यावर बोलाचं नाही, रागिणी. नियम तुहाच आहे," तो म्हणाला.

रागिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. ती पुन्हा आली नाही. चोराच्या हाती तिने स्वतःच किल्ली दिली होती. मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते.

तिची गाडी गल्लीबाहेर गेल्यावर नितेशने हळूच विचारलं, "खरं सांग, किती पडले होते?"

"उठली ना वाटी?" किशोर म्हणाला. "मंग आता काहून इचारतं?"

तेव्हापासून मी मोरीत भांडी घासायची पावडर सांभाळते आहे. मला घासून लख्ख करा, अशी विनंती मी तुम्हाला करणार नाही. एवढंच सांगते, मित्रांनो, ढाल सांगायची वेळ खुशाल ठरवा. खरं सांगायची वेळ ठरवू नका.