रिकाम्या टबातलं विष

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध विजेवर चालणाऱ्या टबातल्या कोमट पाण्यात अप्पांचे, माझ्या वडिलांचे, पाय. अंगातलं विष उतरवतो म्हणणाऱ्या विषहारी महाराजाने त्यात ‘दिव्य खडे’ टाकून बटण दाबलं. पंधरा मिनिटांत पाणी तपकिरी!

“बघा, युद्धातलं विष! तीस वर्षं रक्तात दडलेलं, मला बघून पळालं! डॉक्टर टोचतात, मी वेचतो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पा रडता रडता हसत होते. युद्धात जंगलाची पानं झडवणाऱ्या रसायनाची पिंपं त्यांनी उघड्या हातांनी उचलली होती. आता कातडीवर चट्टे, पावलं बधिर. तुकडीतले बाकीचे एकेक करून गेले. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी त्या दिवशी गप्प बसले. अप्पांना कितीतरी वर्षांनी हसताना पाहत होते ना! चूक झाली ती तिथेच.

मंगळवारी माजी सैनिकांच्या दवाखान्यात तपासणी होती. रसायनाचा त्रास नोंदला गेला, तरच जन्मभर मोफत उपचार. अप्पा एकटेच गेले. “काय त्रास होतो?” डॉक्टरांनी विचारलं. साहेबांपुढे कुरकुर करायची नाही, ही हाडात मुरलेली सवय. अप्पा ताठ उभे राहिले. “काही नाही, साहेब. विष उतरलंय.” तसं लिहिलेल्या कागदावर सहीसुद्धा ठोकली. मोफत उपचारांचा अर्ज नामंजूर.

रविवारी हॉल पुन्हा भरला. विषहारी चहाला गेला, तेवढ्यात मी सगळ्यांसमोर ताजं पाणी भरलं, त्याचे खडे टाकले आणि कुणाचेही पाय आत न ठेवता टब रिकामाच चालू केला. तो परत आला तेव्हा पाणी तपकिरी झालं होतं.

“महाराज, हे कुणाचं विष?”

“अहो, मशीन... मशीन तापलंय!”

मी तळातल्या लोखंडी पट्ट्या वर काढल्या. “खडे म्हणजे मीठ. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड गंजतं. हा नुसता गंज आहे.”

लोक विषहारीवर धावले. अप्पा मात्र खुर्चीतून हलले नाहीत.

“म्हणजे पोरी, ते अजून आतच आहे?”

खोटं बोलावंसं वाटलं. “हो, अप्पा,” मी म्हणाले आणि तिथेच रडले.

फेरतपासणी मिळायला सात महिने लागले. तोवर बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढला होता. “काय त्रास होतो?” अप्पा ताठ झाले. “काही...” मग त्यांनी माझा हात धरला. “पाय कळत नाहीत, साहेब. भीती वाटते.”

म्हणून हात जोडून सांगते. कुणी विष काढून दाखवलं, तर तो टब आधी रिकामा चालवून बघा. आणि डॉक्टरांनी विचारलं, तर दुखतंय म्हणा.