शेवटच्या गल्लीचं पाणी

पाण्याच्या तपासणीला मॅडम येणार असा फोन आला, आणि सावळीरामच्या हातांनी त्याला न विचारताच काम सुरू केलं. एरवी टाकीत क्लोरिनच्या टीसीएल पावडरचे चार मग पडायचे, त्या सकाळी आठ पडले. एकतीस वर्षं तो गावाचे व्हॉल्व्ह फिरवत होता, आणि वरून कुणी येणार म्हटलं की दुप्पट पावडर हा रिवाजच होता. पाहुणे येणार म्हणून अंगण झाडावं, तसं. यात काही खोटं आहे असं त्याला कधी वाटलं नाही, गावातही कुणाला वाटलं नाही.

सायखेड्याच्या पलीकडचं हे गाव. गोदावरी हाकेच्या अंतरावर, आणि नळाला पाणी एक दिवसाआड! योगिनी मॅडम नाशिकच्या, त्याच्या सुनेच्या वयाच्या. पंधरवड्यातलं हे त्यांचं नववं गाव होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. फिल्टरची वाळू बघितली, तुरटीची पोती बघितली, टाकीवर चढून उतरल्या. सावळीराम गुडघे दाबत मागेमागे.

त्याचा जीव अडकला होता तो त्याच्या स्वतःच्या गल्लीत. गल्ली गावाच्या टोकाला. तिथं पोचेपर्यंत पाण्याला जोर उरत नाही, म्हणून प्रत्येकानं दारात कमरेएवढा खड्डा खणून नळ खाली नेलेला. पाणी बंद झालं की खड्ड्यातली घाण पाइपात ओढली जाते, आणि पुढच्या पाळीला तीच हंड्यात येते. त्याची नात आरोही महिनाभर काविळीनं अंथरुणात होती. ज्या गल्लीचं पाणी नापास होईल, तिला आधी नवी पाइपलाइन, असं यंदा ठरलं होतं. आज नापास झालो की सुटलो, असं मनात म्हणत त्यानं मॅडमना आपल्या दारातल्या खड्ड्यापाशी आणलं.

योगिनीनं वाकून काचेच्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळंधमक झालं.

"क्लोरिन भरपूर आहे काका. ही गल्ली पास."

सावळीरामचं तोंड उतरलं. सकाळचे आठ मग त्याला आत्ता आठवले.

"मॅडम, हे पाणी खरं नाय. तुम्ही येणार म्हणून मी पावडर डबल टाकली."

योगिनीनं डोळे मिटून घेतले. तिला रागवायचाही कंटाळा आला होता.

"का पण?"

"टाकतोच आम्ही, कोणी यायचं असलं की. घरात परवाचं पाणी हाय, ते तपासा ना."

"साठवलेल्या पाण्यातला क्लोरिन तसाही उडून जातो. ते धरता येत नाही." तिनं वहीतला एक कोरा कागद फाडला. "लेखी द्या. मग आजचे नमुने रद्द होतील, पुन्हा न सांगता घ्यायला लावते. पण तुमची चौकशी लागेल."

"रिटायरला चारच महिने राहिलेत, मॅडम."

"कळतंय मला."

आतून आरोहीच्या ओकारीचा आवाज आला. सावळीरामनं कागद गुडघ्यावर ठेवून लिहिलं, 'आज तपासणी असल्याने पावडर दुप्पट टाकली.'

योगिनीनं ते वाचलं, आणि मग सोबत आणलेली जुनी फाइल चाळली. "सात वर्षांपूर्वीही तपासणी झालीय. तेव्हाही असंच ठरलं होतं, आणि ही गल्ली पास झाली म्हणून नवी लाइन बाजारपेठेला गेली."

सावळीराम खड्ड्याच्या काठावर खालीच बसला. बायको, वत्सलाबाई, त्या तपासणीच्या पुढच्याच पावसाळ्यात टायफॉइडनं गेली होती. ग्रामपंचायतीला त्यानं तेव्हा किती शिव्या घातल्या होत्या! आता कुणाला घालणार?

त्यानं कागद परत मागून घेतला. 'आज' खोडलं, वर 'दर वेळी' लिहिलं आणि सही केली.

"तवा पण मीच टाकली होती, मॅडम," तो म्हणाला.